पारबता, तुझी नाल्यापलीकडची माती

पारबता,

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर रागावलेली आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण तू जिवंत असताना सहा वर्षं मला गंडवलंस, तेव्हा हा नियम तुला लागू नाही. राग कशाचा ते सांगते, पण क्रमानं सांगते. मास्तरणीला क्रम सोडून बोलता येत नाही. मी 'आधी काय झालं, मग काय झालं' असं सुरू केलं की तू कुदळ खाली ठेवून म्हणायचीस, "झाला बाईचा वर्ग सुरू!" तर झाला सुरू. या वेळी तुला मधे बोलता येणार नाही.

आधी काय झालं, तर मी अमरावतीहून या गावात आले. मला मुलींच्या शाळेत नोकरी, यांना दवाखान्यात कंपाउंडरची जागा, आणि राहायला परकोटाच्या, म्हणजे गावाभोवतीच्या जुन्या तटाच्या, आतल्या अंगाला, खिडकीजवळ घर. खिडकी म्हणजे घराची नव्हे. परकोटातला तो बुटका दरवाजा, ज्यातून एका वेळी एक माणूस आणि एक शेळी जाते. घर धाब्याचं होतं, आणि धाबं म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. अमरावतीला आमच्याकडे कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर. इथं लाकडी सऱ्यांवर फांद्या, फांद्यांवर माती, आणि दर वर्षी मृगाच्या आधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर. शेजारीण म्हणाली, "माती टाकून घ्या बाई, नाई तं आषाढात घरातच छत्री लागन. पारबताले सांगा. तिच्यावानी धाबं कोनी करत नाई."

तू आलीस. उंच, काटक, कपाळावर हिरवं गोंदण, डोक्यावर टोपलं आणि टोपल्यात कुदळ. नाव नाही, गाव नाही, काही नाही. माझा हात ओढलास आणि तळव्यावर चिमूटभर माती ठेवलीस.

"चाखा."

"माती?"

"मंग काय साखर देऊ? खारी लागली पायजे. खारी असन तं गवत उगवत नाई अन् पानी मुरत नाई. गोडी माती टाकली तं तुमच्या धाब्यावर वावर होईन, बकऱ्या चढतीन."

मुलींनी पाटीवरची पेन्सिल खाल्ली तर मी त्यांना उभं करत असे. त्या मी भर अंगणात माती खाल्ली. खारट होती. तुझ्या तोंडावर जे समाधान पसरलं ते पाहून मला वाटलं, ही बाई आपल्याला परीक्षेत पास करून राहिली.

त्याच दिवशीची दुसरी गोष्ट मात्र तू कधी काढली नाहीस, म्हणून मीच काढते. धाब्यावर जायचा जिना घरातून होता. तू परकोटाबाहेरच्या वस्तीतली. मी मागच्या बोळातून शिडी लावायला सांगितली. मला कोणी तसं बजावलं नव्हतं. सगळे तसं करत, म्हणून मीही केलं. चाळीस टोपली माती तू त्या हलत्या शिडीवरून वर नेलीस. त्याच वर्षी, पावसाळा सरल्यावर, तुम्ही सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलात. पुढच्या वैशाखात तू समोरच्या दाराशी येऊन उभी राहिलीस, टोपलं डोक्यावर घेऊन, आणि एवढंच विचारलंस, "कुठून जाऊ?" तुझा आवाज नेहमीचाच होता. मी दारातून बाजूला झाले आणि म्हटलं, "इथून." तू माझ्या स्वयंपाकघरातून, पायांची माती सांडत वर गेलीस. मागून झाडू फिरवताना मला लाज वाटत होती आणि फार हलकंही वाटत होतं. त्या दिवसापासून मी तुला 'अहो पारबताबाई' म्हणायचं ठरवलं. दोन हाका मारल्या, तर तू मागं वळून पाहिलंस. "कोन पाहुनं आलं?" मग आपण तूवरच राहिलो, दोघीही. चारचौघांत तू मला 'बाई, तुमी' म्हणायचीस आणि परकोटापाशी सरळ 'काय वं'.

परकोट मला तू दाखवलास. शाळेच्या पुस्तकात दिल्लीचा किल्ला होता, देवगिरी होतं, पण मी ज्याच्या सावलीत कपडे वाळत घालत होते त्याच्याबद्दल एक ओळ नव्हती. दर उन्हाळ्यात सुटी लागली की माती कुठली काढायची हे ठरवायला तू परकोटाला पुरा फेरा मारायचीस, आणि मी छत्री घेऊन तुझ्यामागे. खाली पुरुषभर उंचीपर्यंत काळा दगड आणि वर पांढऱ्या मातीचे भरभक्कम थर. तुला त्याची प्रत्येक हाताची चव ठाऊक होती. खिडकीजवळच्या राघूंच्या बुरुजापाशी सगळ्यांत खारी. दारव्हा वेशीजवळ भुसभुशीत, "बुढ्याच्या हाडावानी". कुंभारपुऱ्याच्या मागं मातीत खापरं फार, ती चाळल्याशिवाय घ्यायची नाही. एकदा तू मला कमरेइतक्या उंचीवर एक काळी रेघ दाखवलीस, लांबच लांब गेलेली.

"आग लागलती इथं. गाव जळलं असन. मंग लोकाइनं त्याच राखेवर अजून माती रचली."

"कधी गं?"

"मले काय इचारतं? मी काय तवा होती?"

काचेच्या बांगडीचा तुकडा सापडला की तो तू पुन्हा मातीत खोचून ठेवायचीस. कुणा बाईची असेल, राहू दे तिथंच, असं म्हणायचीस. मला मात्र एकदा लाल दगडाचा एक मणी दिलास, भोक पाडलेला, हरभऱ्याएवढा. तो माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. पुढं मी तिसरीच्या मुलींना ओळीनं घेऊन परकोट दाखवायला नेऊ लागले, आणि तुझंच सगळं शिकलेलं माझं म्हणून सांगू लागले. तू टोपलं घेऊन जवळून गेलीस की मी जरा हळू बोलायची.

भांडण तिथूनच सुरू झालं. मला वाटायचं, एवढी जुनी गोष्ट आपण दर वर्षी कुदळीनं पोखरतो आणि घरावर थापतो, हे बरं नाही. दारव्हा वेशीचा एक गाल तर आपल्या डोळ्यांसमोर गेला, एसटीची गाडी आत यावी म्हणून. सरकीच्या बैलबंड्या शतकानुशतकं जिथून वाकून गेल्या असतील तिथून आता मोटार हॉर्न वाजवत येत होती. वेशीच्या दगडांचं हॉटेल झालं, हॉटेलात रेडिओ आला, विजेचे खांब आले, आणि मारवाडी गल्लीत तर दोन घरांवर चकचकीत टिनं चढली. मी धाब्यावर उभी राहून तुला हे सगळं दाखवत होते. आणखी तीस वर्षांनी परकोट उरणारच नाही, असं सांगत होते. तू चोपण्यानं माती चोपत होतीस. चोपणं थांबवलंस आणि म्हणालीस,

"परकोट कुठी चालला? पाह्य ना डोये उघडून. तो पडून नाई राह्यला, घरावर चढून राह्यला."

मी पाहिलं. वेशीपासून खिडकीपर्यंत सगळी धाबी पांढरी होती. प्रत्येक घराच्या डोक्यावर परकोटाचा हातभर थर होता.

"पण बांधला होता तो गाव राखायला," मी म्हटलं.

"कोनाले राखत होता? आमी तं भायेरच होतो. लढाई आली तं पयले आमीच. आमच्या लोकाइले त्यानं पिढ्यान्‌पिढ्या भायेर ठेवलं. आता माह्या घरावरही तोच हाय, अन् तुह्याही घरावर. पानी थोपवते. आता कुठी त्याले कामधंदा भेटला."

"आणि तो कुणी बांधला हे पुढच्या पोरींना कसं कळेल?"

"त्यात काय कळाचं? बांधनाऱ्याइनं बांधला. राजा काय टोपलं घेऊन आलता? टोपलं तवाही बाईच्याच डोक्यावर असन."

मी म्हटलं, तू अडाण्यासारखं बोलतेस. तू म्हणालीस, मंग शिकव.

आणि मी शिकवलं, पारबता. तुझ्याच अंगणात बायांचा वर्ग घेतला, संध्याकाळी, शाळेच्या फुटक्या पाट्या गोळा करून. सात बाया यायच्या, तू सगळ्यांत थोराड आणि सगळ्यांत खोडकर. तुझ्या बोटांना पेन्सिल सापडायची नाही, मोडायची. मग घरचा अभ्यास म्हणून तू परकोटावर कुदळीच्या टोकानं अक्षरं गिरवायचीस. मी वर्गात सांगितलं होतं, "तुमच्यातली जी कुणी रस्त्यावरची पाटी पहिल्यांदा आपल्या मनानं, कुणाला न विचारता वाचेल, तिच्या नावानं मी सगळ्या वर्गाला पेढे वाटीन." चंद्रभागा एसटीवरचं 'दारव्हा' वाचून आली, तिचे पेढे झाले. मग आणखी दोघींचे. तुझे काही होईनात. तुला मी बाजारात गाठून विचारायची, "पारबता, ही पाटी वाच बरं." तू आभाळाकडे बघायचीस. "डोये गेले वं बाई." वर्षं गेली. शेवटी मी चिडून म्हटलं, "पारबता, तू दगड आहेस." तेव्हा तू दारव्हा रोडवर गिट्टी फोडत होतीस. हातोडा हलवून हसत म्हणालीस, "दगड तं फोडूनच राह्यली."

आता ती गिट्टी फोडायची पाळी तुझ्यावर का आली, ते सांगते. हे मी तुला सहा वर्षं सांगितलं नाही.

शिक्षण खात्याचे एक साहेब शाळा तपासायला आले होते. मी त्यांना मुलींसकट परकोट दाखवला, राखेची रेघ दाखवली, शिवणाच्या डब्यातला मणीसुद्धा दाखवला. साहेब खूश. म्हणाले, "बाई, हे जपलं पाहिजे. अर्ज करा, मी शब्द टाकतो." माझी छाती किती फुगली म्हणून सांगू. चार पानी अर्ज लिहिला. राघूंचा बुरूज, काळी रेघ, खापरं, सगळं त्यात होतं. माती कोण नेतं तेही होतं. मी लिहिलं होतं, 'काही लोक परकोटाची माती बेपर्वाईने खणून नेतात.' काही लोक! पारबता, काही लोक म्हणजे तू होतीस. वस्तीतल्या आणखी दोघी-तिघी तुझ्या हाताखाली. दुसरं कोण होतं? मला परकोट ज्या बाईनं चाखायला शिकवला तिला मी चार पानांत बेपर्वा म्हटलं, आणि लिहिताना माझा हात एकदाही अडखळला नाही.

अर्ज मंजूर झाला. नगरपालिकेत विचार झाला की पाटी कुणाकडून लिहून घ्यायची, तर गावात वळणदार अक्षर माझं. पांढऱ्या टिनावर निळ्या रंगानं मी दोन दुपारी बसून लिहिलं: 'परकोटाची माती खणण्यास सक्त मनाई आहे.' खाली रेघ ओढली. पाटी खिडकीच्या वर ठोकली, माझ्या घरातून दिसेल अशी, आणि परकोटाला राखणदारही ठेवला. रोज सकाळी मी ती बघायची आणि मला बरं वाटायचं. ते वाटणं पहिल्या वैशाखापर्यंत टिकलं. तू आली नाहीस. मी चौकशी केली तर शेजारीण म्हणाली, "पारबताचं काम गेलं ना बाई. तिचं होतंच काय, मातीच होती. आता रोडावर जाते." दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मुलींना इतिहास शिकवणाऱ्या बाईला समोरच्या बाईची भाकर कुठून येते हे दिसलं नव्हतं.

मी तुला सांगायला निघाले होते. खरंच निघाले होते. छत्री घेऊन रोडवर आले. तू उन्हात बसली होतीस, डोळ्यांना खडी लागू नये म्हणून पदर तोंडावर ओढून. मला पाहून ओरडलीस, "काय बाई, शाळा सुटली?" मी 'सुटली' म्हटलं आणि तशीच मागं फिरले. म्हटलं, उद्या सांगू. मग म्हटलं, दिवाळीनंतर सांगू. तुला वाटत असेल, बाई मोठी धीट. साहेबासमोर बोलते, सभेत बोलते. तुझ्यासमोर नाही बोलता आलं.

त्याच वर्षी, मृगाला आठ दिवस असताना, तू टोपलं घेऊन माझ्या दारात आलीस. मी घाबरले. तू म्हणालीस, "धाबं कराचं नाई का? मले नाल्यापलीकडे माती सापडली. पांढरी. तशीच हाय." मला रडूच यायचं बाकी राहिलं. मी चिमूट उचलायला हात पुढं केला तर तू हातावर चापटी मारलीस. "कायले चाखतं? मी चाखली ना." मी म्हटलं, बरं. मला तर तेच हवं होतं. परकोटही राहिला आणि धाबंही झालं! त्यावर मी किती मिरवलं. शाळेत सांगितलं, शेजारणीला सांगितलं, ते साहेब दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनाही सांगितलं की नाल्यापलीकडे उत्तम पांढरी माती आहे, लोक उगीच ओरडतात. तुला तर धाब्यावर उभी करून ऐकवलं, "बघ, मी म्हणत नव्हते? शोधलं की सापडतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा." तू चोपणं चालवत राहिलीस. खाली मान घालून हसत होतीस. मला वाटलं, हरली म्हणून हसते.

दर वैशाखात तेच. बाकीच्या गावात कुणी कवेलू टाकले, कुणी टिनं. ज्यांना ते जमत नव्हतं त्यांनी नाल्याची काळी माती थापली आणि पावसाळाभर घरात भांडी मांडली. माझ्या घरात एक थेंब नाही. मी म्हणायची, पारबताचा हात आहे तो. ते तरी खरं बोलले.

शेवटच्या आठवड्यात मी तुझ्याकडे आले होते ते ठरवूनच. म्हटलं, आज सांगायचंच. तू खाटेवर होतीस, खोकून खोकून छातीचा पिंजरा झालेला, पण विचारलंस काय, तर "धाबं झालं का वं?" मी म्हटलं, "राहू दे धाबं. पारबता, मला तुला एक सांगायचंय. ती पाटी आहे ना, खिडकीवरची—"

तू डोळे मिटलेस. "राहू दे वं. पाटीचं काय घेऊन बसली. पानी दे."

मी पाणी दिलं. तू दोन घोट घेतलेस आणि माझं मनगट धरून ठेवलंस बराच वेळ. मला वाटलं, थकली आहे, उद्या सांगू. तो उद्या तू मला दिला नाहीस.

वस्तीत तुझ्यासाठी बुद्धवंदना झाली त्याच्या चार दिवसांनी मी तुझ्या घरी गेले. तुझी सून कमळा ओसरीत तुझंच टोपलं शेणानं लिंपत होती. मला बघून म्हणाली, "बाई, तुमचं धाबं राह्यलं. सासूबाईनं सांगून ठेवलं होतं. परवा करतो. ऊन चांगलं तापू द्या, मंग जातो. बारा-एकाच्या टायमाले राखनदार झोपते."

"नाल्यावर कसला राखणदार?" मी विचारलं.

कमळाचा हात टोपल्यावर थांबला. पोर खोटं बोलायला तुझ्याकडून शिकली नाही, पारबता, तेवढं बरं केलंस. तिनं सगळं सांगितलं, खाली बघून.

"पाटी लागली ना बाई, त्या दिवशी सासूबाई खिडकीतून येऊन राह्यल्या होत्या. पाटीखाली उभ्या राह्यल्या, एकेक अक्षर बोटानं लावत. घरी आल्या तं नाचतच आल्या. म्हने, 'कमळे, मले वाचता येते वं! पुरी पाटी वाचली, कोनाले इचारलं नाई!' मी म्हटलं, 'काय लिवलं हाय?' तं म्हने, 'माती खनू नोका.' अन् मंग खाली बसल्या. लय वेळ बसल्या. मंग म्हने, 'अक्षर बाईचं हाय. तिच्याच हातचं शिकली, मले नाई समजन का?'"

"रागावली?"

"रागावल्या ना. दोन दिवस जेवल्या नाई. तुमाले लय बोलल्या." कमळा थोडं हसली. "मंग उन्हाळा आला तं म्हने, 'तिचं धाबं गळन. शाळेचे पुस्तकं हायेत तिच्या घरात, भिजतीन.' अन् भर दुपारी कुदळ घेऊन गेल्या, पाटीखालीच. मले म्हने, 'तिले सांगू नोको. तिले वाटते आपुन परकोट राखला. राखू दे. तिले लागन.'"

वर पाहिलं तर तुझ्या ओसरीच्या धाब्याला ओल धरून काळे पोपडे सुटले होते. मी विचारलं, "आणि इथं? इथं नाही टाकली ती माती?"

"इथं नाल्याचीच. दोन घराची माती चोरता येत नाई बाई. सापडलो असतो."

तर हा माझा राग आहे, पारबता. तुला वाचता येत होतं. सहा वर्षं येत होतं. तुझी पहिली पाटी तू कुणालाही न विचारता वाचलीस आणि घरी नाचत गेलीस, आणि ते मला पाहायला मिळालं नाही. तू पेढे मागितले असतेस तर मी विचारलं असतं, कुठली पाटी? आणि तू मला खोटं सांगितलं नसतंस. म्हणून तू पेढे मागितलेच नाहीस. त्याऐवजी माझ्याकडून दगड म्हणवून घेतलंस. तू भांडायला हवं होतंस. माझ्या दारात उभं राहून 'काय वं बाई, बेपर्वा कोन?' असं विचारायला हवं होतंस, जसं एकदा 'कुठून जाऊ?' विचारलं होतंस. मी दारातून बाजूला झाले असते. एवढा तरी भरवसा ठेवायचास.

पण खरं सांगू, त्या भरवशाबद्दल मला बोलायचा हक्क नाही. तू वाचलेलं लपवलंस आणि मी लिहिलेलं लपवलं. सुरुवात माझी होती. तू मला एकदाही टोचून बोलली नाहीस. तुझं स्वतःचं घर गळत असताना माझ्या घरात एक थेंब पडू दिला नाहीस. एवढी माया माझ्यावर माझ्या सख्ख्या बहिणीनं केली नाही. मला तुझी फार आठवण येते. खिडकीतून कुणी टोपलं घेऊन आलं की मी अजून उठून उभी राहते.

त्या दिवशी घरी आले ती जिन्यानं सरळ वर गेले. ऊन मी म्हणत होतं. पन्हाळीजवळच्या कोपऱ्यात बसून नखानं थोडी माती उकरली आणि जिभेवर ठेवली. खारट होती. राघूंच्या बुरुजाकडची, सगळ्यांत खारी. एकदा चाखली असती तरी कळलं असतं, आणि म्हणूनच बहुतेक मी सहा वर्षं चाखली नाही.

आपलं भांडण मात्र संपलं असं समजू नकोस. मला अजूनही वाटतं की परकोट राहिला पाहिजे. निदान राघूंचा बुरूज आणि ती काळी रेघ. नवा अर्ज लिहिला आहे. या वेळी अर्धंच पान झालं. तेवढा भाग सोडून बाकीची माती धाब्यांसाठी वस्तीतल्या बायांना काढू द्यावी, असं त्यात आहे. 'काही लोक' कुठंही नाही, तुझं नाव आहे, पहिल्याच ओळीत. मंजूर होईल की नाही, देव जाणे. तू म्हणशील, देवाचं काय घेऊन बसली.

मंजुरीची वाट बघायला मृग थांबत नाही. काल दुपारी एकला, सगळं गाव निजलेलं असताना, मी कमळाबरोबर परकोटापाशी गेले. आधी तुझ्या घराचं धाबं करायचं ठरलं आहे, माझं मागून. पाटी डोक्यावरच होती, माझ्या वळणदार अक्षरातली. निळा रंग उडाला आहे पण वाचता येतं. कमळा कुदळ चालवायला लागली. तिचा हात तुझ्यासारखाच पडतो. एक टोपलं भरल्यावर मी पदराखालून पुडा सोडला आणि तिच्यापुढं धरला.

"पेढे?" तिनं इकडंतिकडं बघितलं. "कायचे वं बाई?"

"तुझ्या सासूनं पाटी वाचली, त्याचे."

तिनं एक खाल्ला आणि मग तोंडाला पदर लावला. मी छत्री मिटून परकोटाला टेकवली, तुझी चुंबळ डोक्यावर ठेवली आणि टोपलं उचलायला वाकले.